छातीला कान की इको?

हृदयाच्या झडपेतला बिघाड शोधायला स्टेथोस्कोप डॉक्टरांच्या गळ्यातच असतो, इकोसाठी (म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीसाठी) वेगळी वेळ आणि पैसे लागतात. तुलना इथून सुरू होते, पण इथे संपत नाही.

१८१६ मध्ये पॅरिसला लाएनेक या डॉक्टरने कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीला लावली, तोच पहिला स्टेथोस्कोप. तत्त्व अजून तेच. झडपा मिटताना 'लब-डब', आणि आकसलेल्या किंवा गळक्या झडपेतून रक्त जाताना मधेच येणारा घुरघुराट, म्हणजे मर्मर. मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आकसली असेल तर हा आवाज अगदी खर्जातला. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, पंखा बंद करायचा, स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे वाटीसारखी बाजू, हलकेच टेकवायची. जोरात दाबली की आवाज गेलाच! गर्दीच्या ओपीडीत एवढी सवड कुणाला?

इको थेट झडपच दाखवतो. संधिवाताच्या तापाने (रुमॅटिक फीव्हरने) झालेला हृदयविकार शोधण्यासाठी कंबोडिया आणि मोझांबिकमधल्या शाळकरी मुलांची दोन्ही प्रकारे तपासणी झाली (निष्कर्ष २००७ चे). कंबोडियात कानाने हजारी सुमारे २ मुलं सापडली, इकोने २१. मोझांबिकमध्ये २ विरुद्ध ३०. झडप थोडीशीच गळत असेल तर कानाला काही कळतच नाही. उलट कित्येक निरोगी मुलांच्या छातीतही निरुपद्रवी मर्मर असतो, आणि आईबाप उगाच हवालदिल होतात.

म्हणून या आजाराच्या पट्ट्यातल्या शाळांत मी छोट्या, हातात मावणाऱ्या इकोलाच कौल देईन. दम लागणाऱ्या आजोबांच्या महाधमनीच्या झडपेचा खरखरीत मर्मर मात्र साध्या नळीतूनही बहुतेकदा ऐकू येतो. तिथे आधी कान, मग इको.