कागजीपुऱ्याचा हातकागद: स्तोत्रांच्या चित्रांसाठी घ्यावा का?

आधी निकाल सांगून टाकते, म्हणजे घाईतले लोक मोकळे. जलरंगात रांगडं, कोरड्या ब्रशचं काम करायचं असेल तर कागजीपुऱ्याचा हातकागद डोळे झाकून घ्या. बोरूने ओव्या लिहायच्या असतील तर डोळे उघडे ठेवून घ्या. आणि फुलांच्या पाकळ्या घातलेला जो ताव दुकानात सगळ्यांत पुढे मांडलेला असतो, तो लग्नपत्रिकावाल्यांसाठी सोडा.

मी जालन्याची. शाळेत चित्रकला शिकवते. आमच्या पाळकसाहेबांना लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत चर्चच्या हॉलमध्ये लावायला पवित्र शास्त्रातल्या, म्हणजे बायबलमधल्या कवितेवरची चित्रं हवी होती. कॅलेंडरवरचा निळ्या डोळ्यांचा येशू नको, फ्लेक्स तर नकोच, एवढीच त्यांची अट. विषय माझ्यावर सोडला. मी स्तोत्रसंहितेतली काही स्तोत्रं घेतली आणि जोडीला फादर स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणातल्या ओव्या. विषय सुचायला वेळ लागला नाही. कशावर काढायचं यावर मात्र बरंच घोडं अडलं. शाळेत वापरतो तो कार्ट्रिज पेपर पाण्याने पापडासारखा वळतो. परदेशी कॉटन पेपर उत्तम असतो, पण त्याच्या एका तावाच्या पैशात इकडे पाच-सात ताव येतात.

दौलताबादचा किल्ला मागे टाकून खुलताबादच्या रस्त्याला लागलं की कागजीपुरा येतं. वेरूळला जाणाऱ्या गाड्या इथे सहसा थांबत नाहीत. महंमद तुघलकाने १३२७मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा त्या लोंढ्यात कागद करणारी घराणीही आली, असं गावात सांगतात. राजधानी माघारी गेली, कागदवाले राहिले. पद्धत मुळात साधी आहे. सुती चिंध्या आणि कातरण भिजवून कुटायची, लगदा हौदात सोडायचा, त्यात साचा बुडवून अलगद वर उचलायचा, ताव कापडावर उतरवायचा, दाबून पाणी काढायचं, वाळवायचा. साचा उचलताना हात किती हलला यावर तावाची जाडी ठरते. म्हणून एकाच गठ्ठ्यातले दोन ताव उजेडासमोर धरले तर दोन्हींत ढग वेगवेगळे दिसतात.

दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण मी एकाच ठिकाणचा माल वापरलाय आणि गावातल्या सगळ्यांना त्यावरून तोलणं बरं नाही. पण गल्ल्यावरच्या चाचांचा प्रामाणिकपणा सांगायलाच हवा. कागदाने पाणी-शाई पिऊ नये म्हणून त्याला चिकट खळ देतात. मी बिनखळीच्या तावांना हात लावला तसे ते म्हणाले, "मॅडम, पानी का काम है क्या? फिर ये नको लेव, ये बहोत पीता." म्हटलं, चाचा, पिणाराच पाहिजे. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि मुकाट्याने बांधून दिला.

तो हवा होता स्तोत्र ४२साठी. 'हरिणी जशी पाण्याच्या प्रवाहांसाठी लुलपते' हे स्तोत्र. स्तोत्रांच्या कवितेत एक गोष्ट चित्रकाराला फार उपयोगी पडते. तिथे यमकावर भिस्त नसते, ओळ दोन अर्ध्यांत चालते. पहिल्या अर्ध्यात एक गोष्ट म्हणायची, दुसऱ्यात तीच उचलून पुढे न्यायची. जात्यावर एकीने ओवी सुरू करावी आणि समोरचीने उचलावी, तशी. इथे पहिल्या अर्ध्यात हरिणी, दुसऱ्या अर्ध्यात म्हणणाऱ्याचा जीव. मग चित्रही दोन अर्ध्यांचं करायचं ठरवलं. हातकागद कात्रीने कापू नये. घडी घालायची, घडीवर ओला ब्रश दोन-तीनदा फिरवायचा आणि सावकाश ओढून फाडायचा. नवी कडही मूळ कडेसारखी, तंतू सुटलेली निघते.

डाव्या अर्ध्यात कोरड्या नदीपात्रातली हरिणी, उजव्यात टँकरपुढची घागरींची रांग. मिरजेहून 'जलदूत' रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं ते २०१६ साल आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. बिनखळीच्या कागदाचा स्वभाव इथे कामी आला. ब्रश टेकला की पाणी गायब. फटकारा बोटभर जातो आणि तिथेच संपतो, लांब रेघ ओढूच देत नाही. काव आणि पिवळी माती असे दोनच रंग घेतले होते. ते वाळल्यावर इतके मंद झाले की भेगाळलेली जमीन वेगळी काढावी लागली नाही. हरिणीच्या पायाशी जिथे पाणी असायला हवं, तिथे रंगच लावला नाही. हेच काम गुळगुळीत, भरपूर खळीच्या कागदावर केलं असतं तर चकचकीत झालं असतं आणि दुष्काळ पोस्टकार्डावरचा वाटला असता. या एका चित्रापुरते कागदाला शंभरपैकी शंभर.

स्तोत्र १३७ला मात्र याच कागदाने घाम फोडला. बाबेलच्या (बॅबिलॉनच्या) नद्यांकाठी बसून रडणारे, झाडांना वीणा टांगून ठेवणारे पाडाव झालेले लोक, आणि वरून नेणाऱ्यांचा हुकूम की तुमच्या देशातलं एखादं गाणं म्हणा. मला हे वाचताना कायम आमच्या बीड-जालन्याच्या ऊसतोडीच्या टोळ्या दिसतात. दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवून निघायचं, परक्या फडात खोप्या मांडायच्या. म्हणून चित्रात रात्रीचा फड, खोप्या, आणि बाभळीच्या फांदीला टांगलेली ढोलकी. आता रात्र म्हटली की गडद रंग आला. बिनखळीचा कागद गडद रंग आत ओढून घेतो. काळा ओतला तरी वाळून राखाडी होतो. दुसरा हात द्या, तिसरा द्या, चौथ्या हाताला कागद लव सोडायला लागतो आणि ब्रशला बारीक बोळे चिकटतात. रंग पुसून उजेड परत मिळवायची सोय नाही. मास्किंग टेप तर लावूच नका, निघताना कागदाची साल घेऊन निघते.

यावर इलाज आहे. ताव घरीच खळीत घ्यायचा. साधं जिलेटीन कोमट पाण्यात पातळ विरघळवायचं, त्यात चिमटीभर तुरटी, आणि रुंद ब्रशने दोन्ही बाजूंना एकेक हात. दोरीवर वाळत घातला की जालन्याच्या फेब्रुवारीच्या उन्हात तासाभरात तयार. तुरटी जास्त झाली तर कागदात आम्ल वाढतं आणि काही वर्षांनी तो पिवळा पडून कडक होतो, तेव्हा हात आखडता ठेवा. खळ दिलेल्या तावावर मग रात्र रात्रीसारखी आली.

हे चित्र लागल्यावर मंडळीतल्या एका काकांनी विचारलंच, "पवित्र शास्त्रात ऊस कुठून आला?" प्रश्न रास्त आहे. पण चित्रात बाबेल दाखवायचं तर तेही मला कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकातूनच उचलावं लागलं असतं. शिवाय आपल्याकडे हा प्रघात नवा नाही. अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) हे मूळचे गोव्याचे, शांतिनिकेतनात शिकले, आणि पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून त्यांनी मरियेला साडी नेसवून रंगवलं. त्यांच्याही वाट्याला टीका आली. काकांना मी हे सगळं सांगितलं. पटलं की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण चित्रापुढून हललेही नाहीत.

स्तोत्र २३ सगळ्यांचं पाठ, म्हणून काढायला सगळ्यांत अवघड. मेंढपाळ कोण, हा प्रश्नच नव्हता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पुढे मेंढरं, असा आमच्या माळावरचा धनगर. यासाठी दुकानातून हलक्या खळीचा, मध्यम जाडीचा ताव घेतला होता. संथ पाण्यावर फिकट हात देताना उजेडाच्या बाजूने एक निळा दोरा दिसला. कातरणीतला असणार, कुणाच्या तरी कपड्याचा. लगद्यात कुटला न जाता तसाच राहिलेला, केसापेक्षा थोडा जाड, वितीएवढा लांब, पाण्याच्या अगदी मधून आडवा गेलेला. चिमट्याने काढायला गेलं असतं तर कागद फाटला असता. मी त्याच्यावर रंगच चढवला नाही. आता पाण्याची जी एक हललेली रेघ दिसते ती माझी नाही, त्या दोऱ्याची आहे. गिरणीच्या कागदाला असला माल 'डिफेक्ट' म्हणून बाजूला काढतात. हातकागद घेणाऱ्याने मात्र ताव उलटसुलट करून असे दोरे आधीच हेरून ठेवावेत आणि रचना त्याप्रमाणे बसवावी. त्याच चित्रात, शत्रूंच्या देखत वाढलेलं ताट आहे ना, ते पितळी काढलं, त्यात भाकरी आणि ठेचा. एक आजी म्हणाल्या, "बाई, हे मेंढरं तर आपल्याच शिवारातले दिसायलेत की." ताटाचं कुणाला नवल वाटलं नाही.

आता ओव्या. इथे माझा या कागदावरचा खरा राग आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९मध्ये गोव्यात आला आणि त्याचं ख्रिस्तपुराण १६१६मध्ये राचोल इथे छापलं गेलं, तेही रोमन अक्षरांत. दहा हजारांहून जास्त ओव्या आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची कथा, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. लोकांना मात्र भाषेच्या स्तुतीच्या चारदोन ओव्याच माहीत असतात, कारण २७ फेब्रुवारीला शाळाशाळांतून त्याच फळ्यावर लिहिल्या जातात. मीही सरावाला तिथूनच सुरुवात केली: 'जैसी पुस्पांमाजी पुस्प मोगरी'. रोमनमध्ये छापलेली ओवी देवनागरीत, बोरूने, दौलताबादेजवळ बनलेल्या कागदावर. कल्पनेत फार छान वाटलं. प्रत्यक्षात पहिल्या 'जै'च्या मात्रांनाच शाई फुटली. शिरोरेषेला केसाळ मिशा आल्या. बोरूचं टोक तंतूत अडकायचं आणि 'पुस्पां'मधल्या जोडाक्षराचा नुसता गोळा व्हायचा. जलरंगात जो खडबडीतपणा चालून जातो, तो अक्षराला मारक आहे.

चाचांना विचारल्यावर कळलं की घोटीव, म्हणजे घासून गुळगुळीत केलेला ताव असतो, पण मागणी नसल्याने मांडलेला नसतो; सांगून करून घ्यावा लागतो आणि दाम थोडे वर जातात. जुन्या काळी लिहायचा कागद घोटूनच वापरत. मी आणलेल्या तावांपैकी काही घरीच जाड खळ देऊन मोठ्या कवडीने घोटले. हात भरून येतात, पण घोटलेल्या जागी बोरू असा सरकतो की आधीचा राग विसरावा. येशूने पाण्याचा द्राक्षारस केला त्या काना गावच्या लग्नाच्या ओव्या त्यावर उतरल्या, शेजारी पाण्याचे सहा दगडी रांजण. रांजणांची जागा मुद्दाम न घोटता ठेवली, म्हणजे दगड दगडासारखा दिसला आणि अक्षर अक्षरासारखं. एकाच तावावर हे दोन्ही साधणारा दुसरा कागद मला तरी माहीत नाही.

फ्रेमचं प्रकरण वेगळं लिहायला हवं, कारण कागद चांगला असून काम तिथे बिघडतं. एका फ्रेमवाल्याकडे स्तोत्र ४२चे दोन्ही अर्धे दिले होते. घ्यायला गेले तर चारी बाजूंच्या तंतू सुटलेल्या कडा पट्टी लावून कापलेल्या. "बाई, वाकडं होतं, सरळ करून दिलं," असं वर कौतुकाने सांगितलं. कापलेले तुकडे केरात गेलेले. तेव्हा फ्रेमला देताना कड कापायची नाही हे तोंडी सांगू नका, मागच्या बाजूला पेन्सिलीने मोठ्या अक्षरांत लिहून द्या. आणि कागद पुठ्ठ्याला सगळीकडून चिकटवू देऊ नका; वरच्या दोन कोपऱ्यांना गव्हाच्या खळीने कागदाच्या पट्ट्या लावून टांगता ठेवायचा. आमच्याकडच्या हवेत तो पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात आकसतो, त्याला हलायला जागा लागते. काच आणि चित्र यांच्यात माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीची फट हवीच.

खळीचा कागद म्हटला की कसर आलीच. ट्रंकेत ठेवायचा असेल तर सुती कापडात गुंडाळून, वरचेवर ऊन दाखवत राहा. एसटीने आणणार असाल तर गुंडाळी करून घेऊ नका, दोन पुठ्ठ्यांत सपाट बांधून मागा. गुंडाळलेल्या जाड तावाला पडलेली वळ जिलेटीनचा हात दिल्याशिवाय जात नाही.

मालिकेचं काम असेल तर लागतात त्याहून चार ताव जास्त एकदमच उचला. पुढच्या खेपेचा कागद याच रंगाचा, याच जाडीचा निघेल याची चाचाही हमी देत नाहीत. खळ आहे की नाही हे लेबलावरून कळत नाही. कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब गोल बसून राहिला तर खळीचा, बघता बघता जिरला तर बिनखळीचा. मी पाण्याची बाटली काढली तेव्हा मला कुणी अडवलं नाही. फक्त शुक्रवारी दुपारी जाऊ नका, नमाजच्या वेळी दुकान बंद असतं.