आधी तपासणी, मग मॉड्यूल: एका गॅरेजचा अनुभव

पावसाळ्यात माझ्या गाडीचे वायपर आपोआप सुरू होणे, सेंट्रल लॉक न लागणे आणि रात्रीतून बॅटरी उतरणे सुरू झाल्यावर पहिल्या गॅरेजने तपासणी न करताच नवे बॉडी कंट्रोल मॉड्यूल (वायपर, लॉक यांसारख्या गोष्टी चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सुचवले होते. या दुसऱ्या गॅरेजने मात्र स्कॅनरवर यू०१४० हा मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा कोड दिसूनही घाई केली नाही. फ्यूज, अर्थिंग आणि १२ व्होल्टचा पुरवठा तपासला, कॅनच्या (गाडीतली मॉड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या) दोन वायरींमधला रोध योग्य, म्हणजे ६० ओहम असल्याची खात्री केली आणि मगच मॉड्यूल उघडून, पाणी शिरून हिरवट पडलेल्या पिना मला दाखवल्या. नव्या मॉड्यूलचे कोडिंग (ते या गाडीसाठी सेट करणे) करून दोन्ही चाव्या पुन्हा जुळवाव्या लागल्या (दुसरी घरीच राहिल्याने मला हेलपाटा पडला). कोडिंगचा खर्च वेगळा लागतो, हे मात्र त्यांनी आधी सांगायला हवे होते.