'श्टाट लुत्सेर्न': लुसर्नच्या सरोवरातील आगबोटीचा प्रवास

महाराष्ट्रातून युरोपच्या सहलीला जाणारी बरीचशी मंडळी स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला पोचतात, लाकडी पुलावर फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी टिटलिसच्या बर्फाकडे निघतात. पहिल्या खेपेला आमच्या सहल कंपनीनेही सरोवरासाठी जेमतेम तासभर दिला होता आणि तो एका साध्या मोटरबोटीत संपला. म्हणून दुसऱ्यांदा गेलो तेव्हा 'श्टाट लुत्सेर्न', म्हणजे 'लुसर्न शहर', या चाकाच्या आगबोटीसाठी, म्हणजे दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकांनी पाणी मागे लोटत वाफेवर चालणाऱ्या बोटीसाठी, अख्खा दिवस राखून ठेवला आणि लुसर्न ते सरोवराच्या दुसऱ्या टोकाचे फ्ल्यूलेन हा पावणेतीन तासांच्या आसपासचा पूर्ण प्रवास केला.

या सरोवरात आजही चाकाच्या पाच आगबोटी नेमाने धावतात. त्यांतली 'उरी' 1901 सालची, म्हणजे सर्वांत जुनी. 'श्टाट लुत्सेर्न' 1928 सालची, आणि स्वित्झर्लंडच्या कोणत्याही सरोवरासाठी बांधलेली ही शेवटची चाकाची आगबोट. तिचे बांधकाम जर्मनीतल्या झाक्सेनबेर्ग कारखान्याचे होते, पण तिथले मूळ इंजिन नीट चालेना, तेव्हा वर्षभरातच ते काढून विंटरथूरच्या झुल्त्सर कारखान्याचे तीन सिलिंडरांचे इंजिन बसवण्यात आले. तेच इंजिन मला पाहायचे होते.

ते पाहण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. खालच्या डेकच्या मधोमध कठडा आहे, त्यावर रेलून उभे राहिले की पोलादाचे लखलखीत दांडे एकामागून एक वर येताना आणि खाली जाताना दिसतात, आणि गरम तेलाचा वास नाकाशी येतो. या इंजिनात वाफ सिलिंडरच्या टोकाकडून आत शिरते आणि मधल्या छिद्रांतून बाहेर पडते; ती आल्या वाटेने परत जात नसल्यामुळे टोके थंड पडत नाहीत आणि वाफ कमी लागते. धक्का जवळ आला की दांडे मंदावतात, क्षणभर थांबतात आणि उलटे फिरू लागतात. त्याच वेळी दोन्ही बाजूंच्या चाकांखाली पाणी पांढरेशुभ्र उसळते आणि एवढी सुमारे 63 मीटर लांबीची बोट अलगद धक्क्याला लागते. माझा निम्मा प्रवास त्या कठड्यापाशीच गेला आणि त्याची मला जराही खंत नाही.

वाटेतल्या ब्रुनेन गावाच्या धक्क्यानंतर मात्र वर यावे आणि उजवीकडची जागा धरावी. सरोवर तिथे दक्षिणेला वळते, दोन्ही काठांचे डोंगर थेट पाण्यात उतरतात, आणि जर्मन नाटककार शिलरच्या नावाची सोनेरी अक्षरे कोरलेल्या सुळक्यानंतर झाडीत र्‍यूटलीचे कुरण दिसते. 1291 साली तीन प्रांतांनी एकजुटीची शपथ घेतली ती इथे, असे स्विस परंपरा सांगते. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्स पडल्यावर स्वित्झर्लंड चहूबाजूंनी जर्मनी आणि इटलीच्या सत्तेने वेढला गेला, तेव्हा 25 जुलै 1940 रोजी सरसेनापती आंरी गिझां यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना याच बोटीतून या कुरणावर आणले आणि वेळ पडल्यास आल्प्सच्या आश्रयाने लढत राहायचे, हा निर्धार त्यांच्यापुढे मांडला. देशाच्या सेनेचे जवळजवळ सगळे नेतृत्व त्या दिवशी या एका बोटीच्या डेकवर होते, हे लक्षात आल्यावर मी बसल्या जागेवरून उठून उभा राहिलो.

2018 पासून सुमारे तीन वर्षे या बोटीची संपूर्ण दुरुस्ती झाली आणि 2021 मध्ये ती पुन्हा प्रवाशांच्या सेवेत आली. दुरुस्तीत तिचे रूप कुठेही नवे-कोरे वाटू दिलेले नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

तिकिटाविषयी एवढेच सांगतो, की स्विस ट्रॅव्हल पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा प्रवासाचा एकत्रित पास, असेल तर नियमित फेऱ्यांना वेगळे पैसे पडत नाहीत. वरचा डेक पहिल्या वर्गाचा आहे आणि तिथून देखावा उत्तम दिसतो. पण इंजिन खाली आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्गात बसणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. वेळापत्रकात आगबोटीच्या फेरीपुढे चाकाची खूण असते, ती पाहूनच निघावे, नाहीतर मोटरबोट वाट्याला येते. फ्ल्यूलेनला उतरल्यावर रेल्वे स्थानक धक्क्याला लागूनच आहे. मी मात्र पहिली गाडी जाऊ दिली आणि भोंगा वाजवून बोट परत वळेपर्यंत धक्क्यावरच थांबलो.