पालिकेचा तरणतलाव: पाणी चांगलं, जागा अवघड

पाण्याला पाचपैकी चार, जागेला दोन. तलाव २५ बाय १२.५ मीटर, सरासरी खोली १.३ मीटर, म्हणजे चार लाख लिटर पाणी. सकाळी तळाच्या रेषा स्वच्छ दिसतात. फिल्टर नीट चालतोय. खान्देशातल्या दुपारच्या उन्हात मात्र क्लोरीन झपाट्यानं उडतं. संध्याकाळच्या पाळीआधी ते पुन्हा मोजायला हवं (१ ते ३ पीपीएम, म्हणजे लिटरमागे तितके मिलिग्रॅम), ते होत नाही.

खरं दुखणं जमिनीचं. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बसलेली तलावाची टाकी हलते, सांधे उघडतात, टाइल सुटतात. नवं क्रीडासंकुल कुठे बांधायचं हा वादही इथेच अडलाय. एसटी स्टँडमागची जागा पायी गाठता येते, पण माती हीच. गावाबाहेर मुरूम आयता, पण संध्याकाळची एसटी चुकली की पोरींनी परतायचं कसं? आमचं मत स्टँडमागेच: काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा, भराव थराथरानं दाबा, कडेनं निचरा ठेवा. खर्च वाढेल, वाढू द्या.

आणि सध्याच्या तलावाची गळती आधी तपासा. पंप बंद करून पायरीवर भरलेली बादली ठेवा, आतबाहेरची पातळी खुणेनं जुळवा. दिवसभरात बादलीपेक्षा तलाव जास्त उतरला, तर ते नुसतं बाष्पीभवन नाही.