आर्गस-२ : मामाजींसोबतचे तीन आठवडे

माझे मामाजी अमेरिकेत राहतात. रेटिनायटिस पिग्मेंटोसा या डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या, म्हणजे दृष्टिपटलाच्या, आजारामुळे त्यांना आधी रातांधळेपणा आला आणि पुढे जेमतेम उजेड-अंधार कळण्याइतकीच नजर उरली, तेव्हा त्यांनी एका डोळ्यात 'आर्गस-२' हे कृत्रिम दृष्टीचे उपकरण बसवून घेतले. गेल्या दिवाळीत ते नागपूरला आमच्याकडे राहिले आणि हे उपकरण रोजच्या कामात किती साथ देते, ते मला जवळून पाहता आले.

चष्म्यातला कॅमेरा दृश्य टिपतो, कमरेची पेटी त्यावर प्रक्रिया करते आणि दृष्टिपटलावरचे ६० इलेक्ट्रोड, म्हणजे वीज पोहोचवणारी बारीक टोके, शाबूत पेशींना विजेचे सूक्ष्म स्पंद देतात. त्यातून दिसतात ते प्रकाशाचे ठिपके. रंग नाहीत, चेहरे नाहीत. डोळे फिरवून उपयोग नसतो, मानच फिरवावी लागते.

स्टीलच्या ताटलीतले तर्री पोहे त्यांना अजिबात दिसले नाहीत. पण आईने काळ्या कापडावर पांढरी बशी ठेवली, तेव्हा त्यांनी मान सावकाश डावीकडून उजवीकडे नेत बशीच्या दोन्ही कडांवर बरोबर बोट ठेवले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंधाऱ्या अंगणातल्या सात पणत्यांपैकी पाच त्यांनी मोजल्या आणि मग बराच वेळ ते तिथेच उभे राहिले. सीताबर्डीच्या बाजारातल्या गर्दीत मात्र ठिपक्यांची इतकी सरमिसळ झाली की त्यांनी यंत्र बंद केले आणि पांढरी काठी व माझा हात यांवरच भरवसा ठेवला. माझ्या मते या उपकरणाचे खरे माप हेच आहे: ठळक कडा आणि दिवे यांपुरते ते मोलाचे आहे, गर्दीच्या रस्त्यासाठी नाही.

सुमारे दीड लाख डॉलर किमतीच्या या उपकरणाला अमेरिकेत २०१३ साली मान्यता मिळाली आणि २०१९ साली त्याचे उत्पादन थांबले. जगभरात साडेतीनशेच्या आसपास लोकांच्या डोळ्यांत ते बसवलेले असताना सुटे भाग आणि दुरुस्ती यांची हमी नसावी, हे मला अत्यंत अन्यायाचे वाटते. डोळ्यात कायमचे राहणारे यंत्र घेताना पुढच्या वीस वर्षांच्या देखभालीची लेखी हमी आधी मागावी.

शेजारच्या काकूंनी त्यांच्या काचबिंदू झालेल्या वडिलांसाठी चौकशी केली. काचबिंदूत डोळ्याची नसच निकामी होते आणि दृष्टिपटलावरच्या यंत्राचा संदेश त्याच नसेतून मेंदूकडे जातो, म्हणून त्यांना याचा उपयोग नाही, असे मामाजींनीच त्यांना शांतपणे समजावून सांगितले.