केबलवर १०० वॅट, आत ६० : लॅपटॉपची चार्जिंग केबल घेण्याआधी हे वाचा

लॅपटॉपची चार्जिंग केबल बदलायची असेल आणि फोटोवर ठळक '१०० वॅट' दिसलं म्हणून ऑर्डर टाकणार असाल, तर पाच मिनिटं थांबा. एका केबलपायी माझे त्या केबलच्या किमतीच्या सातपट पैसे गेले आहेत आणि विकणारा आजही उजळ माथ्याने तोच माल विकतोय.

माझी मूळ केबल पिनेपाशी सोलवटली होती, आतली जाळी दिसायला लागली होती. अ‍ॅडॉप्टर १०० वॅटचा आणि ठणठणीत, म्हणजे दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल तेवढी हवी होती. मूळ कंपनीची शिल्लक नव्हती. ही तिच्या ४० टक्के किमतीला मिळत होती. पानावर '१०० वॅट, ५ अँपिअर, ई-मार्कर चिप', कापडी विणीचं आवरण, टोकाला वॅट दाखवणारा छोटा डिस्प्ले आणि हजारोंनी पाच-पाच तारे. मी डोळे झाकून खरेदी करणाऱ्यांतली नाही. ५ अँपिअर आणि ई-मार्कर लागतो हे मला माहीत होतं, आणि दोन्ही तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. लिहिलेलंच धडधडीत खोटं असेल तर गिऱ्हाइकाने करायचं काय?

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वीज वाहून नेते. २० व्होल्टला ते ६० वॅट होतात. त्यापुढे जायचं तर पिनेच्या आत ई-मार्कर नावाची एक चिप असावी लागते. 'ही केबल ५ अँपिअर झेलेल' असं ती अ‍ॅडॉप्टरला सांगते. चिप नसेल तर चांगला अ‍ॅडॉप्टर मुकाट ३ अँपिअरवर थांबतो. काही जळत नाही, वास येत नाही, चार्जिंगचं चिन्ह दिसत राहतं. म्हणूनच हा माल खपतो. नुसतं टाइपिंग करणाऱ्याला ६० वॅट पुरतात आणि तो खुशीत पाच तारे देऊन मोकळा होतो.

मी व्हिडिओ संपादन करते. एक्सपोर्ट लावला की माझा लॅपटॉप ९० वॅटच्या आसपास ओढतो. केबल जोडलेली असताना बॅटरी ७२, ६४, ५१ अशी डोळ्यांदेखत उतरत होती. लॅपटॉप 'स्लो चार्जर'ची सूचना देत होता, आणि केबलच्या टोकावर मात्र ९६ हा आकडा झळकत होता. साहजिकच मला वाटलं, लॅपटॉपमध्येच बिघाड आहे.

सर्व्हिस सेंटरने तपासणीचे घेतले ते केबलच्या किमतीएवढे. त्यांनी स्वतःचा चार्जर, स्वतःची केबल लावून पाहिली आणि निकाल दिला: लॅपटॉप ठीक, तुमचा अ‍ॅडॉप्टर कमजोर झालाय, नवा घ्या. माझी केबल पिशवीतून बाहेर काढायचीही तसदी कुणी घेतली नाही. नवा अ‍ॅडॉप्टर केबलच्या पाचपट. तो लावला तरी बॅटरी उतरतेच आहे! तुमच्यावर ही वेळ आली तर दुकानात आधी केबल बदलून बघायला लावा, मगच पैसे द्या.

शेवटी एका सहकाऱ्याने पॉवर टेस्टर आणून मध्ये जोडला. २० व्होल्ट, २.९ अँपिअर, ५८ वॅट. त्याच क्षणी केबलचा डिस्प्ले ९६ दाखवत होता. चिप वाचायचा पर्याय दाबला तर टेस्टरला चिप सापडेना. म्हणजे चिप बसवायचे पैसे वाचवले आणि खोटा आकडा दाखवणारा दिवा मात्र बसवला. केबलवरच्या डिस्प्लेवर अजिबात विसंबू नका.

आता ज्याने खरा जीव जळतो ते. केबलचं पाकीट मी ठेवलं होतं. पुढे १०० वॅट. मागे, बारकोडच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत: २० व्होल्ट, ३ अँपिअर. वीस त्रिक साठ! पाकीट उघडताना माझी कात्री नेमकी त्या ओळीला चाटून गेली आहे, 'अँपिअर'चा शेवटचा भाग कापला गेलाय. म्हणजे ती ओळ माझ्या अंगठ्याखाली होती. तेव्हा नजर पडली असती तर केबल त्याच दिवशी परत गेली असती आणि पुढचं काहीच घडलं नसतं. हे आठवलं की रात्री झोप लागत नाही. पण पुढे शंभर छापल्यावर मागे साठ शोधत बसायची जबाबदारी माझी कशी? ती ओळ तिथे छापली होती ती कुणी पकडलंच तर दाखवायला, दुसरं कारण नाही.

व्होल्ट गुणिले अँपिअर करा. प्रत्येक वेळी करा.

तक्रारीची कथा याहून संतापजनक. विकणाऱ्याचं उत्तर, 'केबल चार्ज करते आहे, सबब दोष नाही.' संकेतस्थळाच्या तक्रार विभागाने फोटो मागितले, दिले. व्हिडिओ मागितला, दिला. टेस्टरवरचा आकडा आणि पाकिटाची मागची बाजू एकाच चौकटीत दाखवली. मग कळवलं की परतीची मुदत उलटली आहे. मुदत उलटली ती तुम्ही फोटो मागत बसलात म्हणून! दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून सगळं सांगा, आणि शेवटी 'आपलं समाधान झालं असं समजून' तक्रार बंद. कुणाचं समाधान झालं? पैसे परत मागायला बँकेकडे गेले तर म्हणे माल हातात मिळालाय, मग ही फसवणूक नाही, तुमचा आणि विक्रेत्याचा वाद आहे. ग्राहक तक्रार कार्यालयात प्रयोगशाळेचा अहवाल आणा म्हणाले. एका केबलसाठी प्रयोगशाळा! पाकिटावर दोन आकडे आहेत, गुणाकार तिसरीतलं पोरही करेल, पण तो करायला एकही खुर्ची तयार नाही. मी लिहिलेलं परीक्षण 'नियमांत बसत नाही' म्हणून नाकारलं. तिथलीच जुनी परीक्षणं खाली जाऊन वाचली तर निम्मी इअरफोनबद्दल आहेत! कुणाच्या तरी जुन्या पानावर नवा माल चढवलाय. तारे मोजू नका, सर्वांत जुनी परीक्षणं उघडून वाचा.

आणि हे काल-परवा सुरू झालेलं नाही. गूगलमधले अभियंते बेन्सन लिउंग टाइप-सी केबली स्वतः तपासून लोकांना सावध करत होते. २०१६ मध्ये अशीच एक केबल तपासताना त्यांचा लॅपटॉप निकामी झाला, कारण आतल्या धन आणि ऋण तारा उलट जोडल्या होत्या. इतकी वर्षं गेली, तरी तपासायचं अजून आपणच.

यूएसबीचे नियम ठरवणारी संस्था, यूएसबी-आयएफ, प्रमाणित केबलींना ६० किंवा २४० वॅटची खूण देते. ती बघा. २४० वॅटची केबल ६५ वॅटच्या लॅपटॉपलाही बिनधास्त चालते, लॅपटॉप हवी तेवढीच वीज घेतो. चुंबकी टोकांच्या केबलींच्या वाटेला जाऊ नका, टाइप-सीच्या नियमांत त्या बसतच नाहीत. गोल पिनेचा चार्जर असेल तर पिन बसली म्हणजे जमलं असं नाही, व्होल्टचा आकडा जुळलाच पाहिजे.

केबल आली की त्याच दिवशी तपासा, आणि बॅटरी २०-३० टक्क्यांवर असताना जड काम लावून तपासा. भरत आलेली बॅटरी मुळातच कमी वीज ओढते, तेव्हा खोटी केबलही खरी भासते. पाकीट उघडण्याआधीपासून सगळं व्हिडिओत घ्या.

ते पान अजून चालू आहे. आता फोटोवर १२० वॅट लिहिलंय. टोकावर डिस्प्ले असलेली, कापडी विणीची केबल ज्यांनी हल्ली घेतली असेल त्यांनी आत्ता पाकीट काढून मागची ओळ वाचा. ३ अँपिअर असेल तर परतीची विनंती आजच टाका, आधी विनंती, फोटो-बिटो मागाहून.