वजनकाटा चांगला आहे, पण कालचाच आकडा दाखवतो

काट्याची काच शाबूत आहे, सेल ताजा आहे, आकडा झटकन स्थिर होतो. तरीही सेवाकेंद्राशी माझं भांडण झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

आमच्या घरी काटा आला तो अप्पांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी. त्यांना हार्ट फेल्युअरचा त्रास आहे. डॉक्टरांनी बजावलं होतं की रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, साधारण तशाच कपड्यांत वजन करायचं आणि वहीत लिहायचं. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा, कारण एवढ्या झपाट्याने चरबी वाढत नाही, अंगात पाणी साठतं. म्हणजे आमचा सगळा जीव त्या थोड्याशा फरकात.

इंदूरच्या महाराणी रोडवरून बाराशेच्या आत घेतला. १८० किलोपर्यंत, ५० ग्रॅमचा टप्पा (म्हणजे आकडा ५०-५० ग्रॅमने बदलतो), चार कोपऱ्यांत चार सेन्सर, जे सगळ्याच खोक्यांवर छापलेलं असतं तेच. सुरुवातीला मी शेजारीपाजारी कौतुक करत होते. वहीत ६८.४, ६८.४, पुन्हा ६८.४. अप्पाही खूश, "सूनबाई, गोळी लागू पडली बघ."

मग एका सकाळी त्यांच्या घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ दिसला. बोटाने दाबलं तर खड्डा तसाच राहिला. काटा म्हणतो ६८.४. दुसऱ्या दिवशी एकदम ६९.१! डॉक्टरांनी अंगातलं पाणी काढणारी गोळी वाढवली, सूज उतरली, पण माझ्या डोक्यातून तो आकडा जाईना. त्या रात्री मी स्वतः काट्यावर चढले, उतरले, पाव लिटर पाण्याची बाटली हातात घेऊन पुन्हा चढले. तोच आकडा, ग्रॅमचाही फरक नाही. लिटरची भरलेली बाटली घेतली तेव्हा कुठे हलला.

सेवाकेंद्रात आधी "मॅडम, सेल बदला". बदलला. मग "घरगुती काट्यात एवढं चालतंच". खूप वाद घातल्यावर एकाने सांगितलं की यात मेमरी आहे. नवं वजन मागच्याच्या जवळपास असलं की काटा मागचाच आकडा दाखवतो, कारण लागोपाठ चढल्यावर आकडा बदलला तर लोक तक्रार करतात. बंद करता येते का? नाही. खोक्यावर लिहिलंय का? नाही. परत घ्याल? मुदत संपली. काटा अचूक वाटावा म्हणून खरं मोजमाप लपवायचं, आणि तेही न सांगता, याला मी फसवणूकच म्हणते. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार केली आहे.

फेकून मात्र दिला नाही, बाराशे रुपये काही झाडाला लागत नाहीत. आता आधी १० किलोची आट्याची सीलबंद थैली काट्यावर ठेवते, आकडा येऊ देते, उचलते, काटा शून्यावर आला की अप्पांना चढवते. मेमरीत थैलीचं वजन बसलेलं असतं, त्यामुळे अप्पांचं खरं वजन येतं. तीच थैली कडेवर घेऊन आणि न घेता असं माझंही वजन करून पाहिलं, फरक १०.०५ आला. म्हणजे सेन्सरमध्ये काही खोट नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

रामबागेतल्या आमच्या जुन्या घराची कोटा फरशी कुठे उंच, कुठे खोल. एका सपाट लादीवर खडूने चौकट आखून काटा तिथेच ठेवलाय. पायपुसण्यावर ठेवू नका, काटा डुगडुगला की वजन चुकतं. चरबीची टक्केवारी दाखवणारे काटे तळपायांतून बारीक करंट सोडतात, घरात कुणाला पेसमेकर असेल तर ते घेऊच नका.

आणि ५० ग्रॅमच्या टप्प्यावर भाळू नका. दुकानात काट्यावर एकदा रिकाम्या हाताने चढा, एकदा पाण्याची छोटी बाटली घेऊन. आकडा बदलला तरच पैसे द्या. दुकानदार चढू देत नसेल, तर महाराणी रोडवर दुकानं भरपूर आहेत.